सरसाशिवायची कपाटं

आमच्या तंजावुरात केबल टीव्ही आला आणि मागोमाग माझ्या डोक्यात कपाटांचं खूळ शिरलं. बाजारात एका दुकानात स्वयंपाकघराची तयार कपाटं मांडली होती. प्लायवूडची खोकी, वर पिस्तारंगी सनमायका, दार बोटानं ढकललं की आपोआप मिटायचं. अहाहा! मला तीच हवी होती.

घरच्या सुतारानं दुसरा, जुना प्रकार सुचवला. सागाच्या चौकटी करायच्या, लाकडात लाकूड अडकवायचं आणि बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. "आता कोण करतंय हो असलं?" मी त्याला उडवूनच लावलं.

सासूबाई सोवळ्यात चुलीपाशी होत्या. तिथूनच त्यांनी सुताराला तमिळमध्ये विचारलं, "ती खोकी कशानं चिकटवतात?" माणूस सरळ. दुकानातल्यांचं ठाऊक नाही, म्हणाला, पण मी वज्रम वापरतो. वज्रम म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांचा सरस. झालं! सासूबाईंचा चेहरा उतरला.

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुला हवं तेच कर गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी मागच्या पडवीत माझी शेगडी मांडीन." म्हणजे त्यांचं रांधणं, जेवणं, सगळं वेगळं. नवरा "तुम्ही दोघी ठरवा" म्हणून पेपरात तोंड खुपसून बसला. माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती. लग्नानंतरची नऊ वर्षं मी रोज या बाईच्या हातचं गरम गरम जेवत होते. ते सुटणार म्हणून मला रडू आलं, आणि रागही तेवढाच आला. सरसाचा इतका बाऊ! शेवटी तणतणतच सुताराला सांगितलं, साग घ्या, खुंट्या ठोका, सरसाचा थेंबही नको.

दिवाळीनंतर आमच्याकडचा पावसाळा लागला आणि दारं फुगली. सोवळ्याचा स्वयंपाक चालू असताना मला दाराजवळच्या एका कपाटापुरतीच मुभा होती, आणि नेमकं तेच अडकायचं. एका सकाळी माझा कॉलेजात न्यायचा डबा आत, कामावर जायची वेळ झालेली, बस यायला पाच मिनिटं, आणि दार हलेना. "मेलं ते तुमचं सोवळं!" मी ओरडले. ओरडले आणि जीभ चावली.

सासूबाई उठल्या. सांबाराचं पातेलं खाली उतरवलं, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या हातांवर आपले दोन्ही हात ठेवून दार खसकन ओढलं. ते उघडलं. मी तशीच उभी. सोवळ्यात असताना त्यांनी मला नऊ वर्षांत कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"अहो, शिवलात मला," मी कसंबसं म्हटलं.

"कळतंय मला. तू डबा घे आधी. मी परत न्हाते."

बाहेर धो धो पाऊस, न्हायचं विहिरीवर आणि सासूबाई सत्तरीच्या. बस गेली तर गेली, म्हटलं, आणि त्यांच्यासाठी पाणी तापत ठेवलं.