लाल दोऱ्याचा टोमॅटो

आमच्या केंटकीच्या डोंगरात घराघराचा आपला टोमॅटो असतो आणि शेजाऱ्याच्या टोमॅटोला नावं ठेवायची रीतही. आर्लीनच्या सासूचा गुलाबी टोमॅटो मात्र सगळ्यांनी मुकाट्याने मानला होता. दिसायला वेडावाकडा, देठाशी चिरलेला. पण पांढऱ्या पावात मेयोनीज आणि मीठ लावून त्याची जाड चकती घालायची आणि सिंकपाशी उभं राहूनच खायची, कारण रस कोपरापर्यंत ओघळतो. हंगामातलं सर्वांत चांगलं फळ बियाण्याचं. सासू त्याला लाल दोरा बांधायची. एकदा दोरा बांधला की पाद्री जेवायला आला तरी ते तोडायचं नाही. सासूच्या मागे आर्लीनने ही रीत सासूपेक्षा कडक पाळली.

तिचा नवरा ओटिस. कोळशाच्या खाणीने त्याची फुप्फुसं खाल्ली होती. शेवटच्या उन्हाळ्यात त्याला अन्न नकोसं झालं आणि नेमका तेव्हाच बागेवर करपा पडला. झाडं काळी पडली. वाचलं एकच फळ, दोरा बांधलेलं. आधीचं बी आर्लीनने सगळं पेरून टाकलेलं.

"आर्लीन, आईच्या टोमॅटोची एक चकती दे गं," ओटिस म्हणाला.

तिने दुकानातला टोमॅटो आणला. तो टोमॅटो कसला, रंगवलेला पुठ्ठा. मीठ जरा जास्त घालून तिने पाव त्याच्या हातात दिला. त्याने दोन घास खाल्ले.

"चव गेली गं आईच्या टोमॅटोची. आता उगाच जपत बसू नकोस."

आर्लीनने मान हलवली. आठवड्याभरात ओटिस गेला.

पुढच्या वर्षी त्या एका फळाच्या बियांवर बाग अशी लगडली की काय सांगू. ओटिसची बहीण वेल्डा ओहायोहून आली, सिंकपाशी उभी राहून खाताना तिचे डोळे भरले. मी शेजारीण, तिथेच टेबलाशी बसले होते.

"तू नाही घेत?" वेल्डाने विचारलं.

"मला पचत नाही."

"इतकी वर्षं पचला ना तो? आत्ताच काय झालं?"

तेव्हा आर्लीनने सगळं सांगितलं. पिशवीतून दुकानातला टोमॅटो काढला तिथपासून. मी तिच्या जागी असते तर दोरा तोडला असता, असं मला वाटलं. पण ती बाग माझी नव्हती, हेही खरं.

वेल्डाने नळाखाली हात धुतले, सावकाश पुसले. "अगं, तो आमच्या आईचाच मुलगा. विचारलं असतंस तर त्यानेच तुला कापू दिला नसता. बियाण्याचा आहे, राहू दे, म्हणाला असता."

"म्हणाला असता," आर्लीन म्हणाली. "पण मी विचारलंच नाही गं. आईच्या टोमॅटोची चव गेली, असं समजून गेला तो."