गहिनीआप्पांचा पेस्तुमचा सौदा

गहिनीनाथ लगडांनी काष्टीच्या बाजारात उभी हयात जनावरांची दलाली केली आणि एवढ्या वर्षांत कुणाला एकही सरळ प्रश्न विचारला नाही. धंदाच तसा. शनिवारी बाजार भरला की आप्पा घेणाऱ्याच्या पुढ्यात उभे राहणार, खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकणार आणि टॉवेलाखाली बोटं दाबून भाव करणार. एक बोट धरलं म्हणजे एक, अख्खा पंजा धरला म्हणजे पाच. भोवती पन्नास रिकामटेकडे माना लांब करून उभे असले तरी कुणाला पत्ता लागत नाही. जमलं तर उत्तम. नाही जमलं, तर कोण कुणाला नाही म्हणालं हे तिसऱ्याला कळत नाही आणि कुणाची मान खाली जात नाही. चारचौघांत तोंडानं भाव विचारणारा माणूस आप्पांच्या लेखी अगदीच बाजारबुणगा.

आता हे बाजारात ठीक आहे. पण बाजारची सवय घरी आली की घरच्यांना ताप होतो. बायको बघायला गेले तेव्हा मुलीला नाव विचारायचं सोडून हे तिच्या बापाला विहिरीला पाणी किती म्हणून विचारून आले. एकदा पोट धरून श्रीगोंद्याला डॉक्टरकडे गेले. कुठं दुखतंय, असं डॉक्टरनं विचारलं, तर म्हणाले, तुमी तपासा की, मी कशाला सांगू. दुसरी सवय याहून वाईट. जनावर जितकं मनात भरलं तितकी त्याची खोड काढायची, म्हणजे मालक भावाला नरमतो. बायकोच्या, म्हणजे बनुबाईंच्या, हातच्या पुरणपोळीला आप्पा जन्मभर नावं ठेवत आले आणि जन्मभर चार-चार खात आले.

त्यांची एकुलती एक लेक दिशा. दुधाचं शास्त्र शिकली, आणखी शिकायला इटलीला गेली आणि शिक्षण संपल्यावर तिथंच पेस्तुम नावाच्या गावाजवळ म्हशीच्या दुधाच्या एका कारखान्यात नोकरीला लागली. समुद्रकाठचं गाव, जुन्या देवळांचं. रोम-व्हेनिस करणारी आपली टूरवाली माणसं तिकडे सहसा फिरकत नाहीत. नोकरीला लागून तीन वर्षं झाली. आता ही परत येणार की तिकडचीच होणार, हा एकच प्रश्न आप्पांना रात्रंदिवस कुरतडत होता. आणि दर रविवारी फोन आला की आप्पा लेकीला विचारत, “पाऊस पडला का?” तीन वर्षांत पेस्तुमच्या पावसाची जेवढी माहिती आप्पांना झाली तेवढी तिथल्या माणसांनाही नसेल.

शेवटी बनुबाईंनीच उचल खाल्ली. म्हणाल्या, “तुमी जा आन तिला तोंडावर इचारून या. येनार का न्हाई, येवढंच. पावसाचं इचारलं तर घरात घ्यायची न्हाई.” तूही चल, असं आप्पा म्हणाले. म्हणजे तसं म्हणाले नाहीत, जनावरांचं कोण बघंल, असं म्हणाले. मीच बघनार, असं बनुबाई म्हणाल्या आणि विषय संपला. पुतण्या समर्थनं कागदपत्रांचं सगळं केलं, आणि जूनमध्ये आप्पा पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, टोपी आणि खांद्यावर टॉवेल अशा बाजारच्याच वेशात विमानात बसले.

नेपल्सच्या विमानतळावर दिशा गाडी घेऊन आली होती. लेक बारीक झाली नव्हती, काळवंडली नव्हती, उलट चेहऱ्यावर तेज होतं. आप्पांना बरं वाटायला हवं होतं. पण ते धास्तावलेच. जनावर नव्या गोठ्यात रुळलं की ते असंच दिसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मग वाटेत त्यांनी रस्त्याला नावं ठेवली. घरी पोचल्यावर तिच्या दोन खोल्यांना ठेवली, गच्चीतल्या तुळशीला ठेवली, तिनं केलेल्या पिठल्याला तर फारच ठेवली. दिशा गालात हसत होती. बाप कशाला किती नावं ठेवतो त्यावरून त्याला काय किती आवडलं ते ती लहानपणापासून ओळखत होती. शेवटी तिनं कारखान्यातल्या चीजचा पांढराशुभ्र गोळा पाण्यातून काढून पुढं ठेवला. आप्पांनी तो दाबून बघितला, हुंगून बघितला.

“पनीर फसलंय तुमचं,” ते म्हणाले आणि दुसरा घेतला.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना देवळं दाखवायला घेऊन गेली. मोकळ्या माळावर तीन अवाढव्य देवळं, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनी बांधलेली. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा एकेक खांब. आप्पांनी कुंपणापाशीच चपला काढल्या. दिशा म्हणाली की आप्पा, इथं चालतं, सगळे बूट घालूनच जातात. आप्पांनी तिच्याकडे नुसते डोळे वटारून पाहिलं. उन्हानं दगड तापलेले. आप्पा अनवाणी, नाचत-नाचत, पण हात जोडून निघाले. ते पाहून एका जर्मन जोडप्याला वाटलं की इथला नियमच तसा असावा, आणि त्यांनीही बूट काढले. पाठोपाठ आणखी चारपाच जणांनी काढले. थोड्या वेळानं देवळाच्या पायऱ्यांजवळ बुटांची रांग लागली आणि सगळा जथा चटके खात देवळाला वळसा घालू लागला. रखवालदार हे काय चाललंय ते डोकं खाजवत पाहत राहिला.

देव कुठला, असं आप्पांनी विचारलं. देवी आहे, देवांच्या राजाची बायको, असं दिशानं सांगितलं. मग मूर्ती कुठाय? जुन्या मूर्ती सगळ्या संग्रहालयात, ती म्हणाली.

“देवी सावलीत आन देऊळ उन्हात,” आप्पा म्हणाले. “वर छप्पर बी न्हाई. एवढे खांब उभे केले, चार पत्रे टाकायला काय झालं हुतं?” मग ते खांबाला टेकून बराच वेळ बसले. निघायची वेळ झाली तरी उठेनात. विचारायचं ते मनात घोळवत होते. हे देऊळ कुणी बांधलं, ती माणसं आपल्या मुलखातून इतक्या लांब आली, परत गेली का, असं त्यांनी दिशाला विचारलं. नाही गेली, इथलीच झाली, असं ती सहज बोलून गेली. आप्पा उठले आणि चपला शोधायला लागले.

तिसऱ्या दिवशी दिशानं त्यांचा जीव रमावा म्हणून म्हशींच्या फार्मवर नेलं. तिच्या कारखान्याला दूध घालणारा मालक कार्मिने नावाचा सत्तरीचा गृहस्थ होता, पोटानं गोल आणि स्वभावानं गोड. म्हशी बघितल्या आणि आप्पांना तीन दिवसांत पहिल्यांदा आपण कोण आहोत ते आठवलं. बाह्या सरसावून ते आत शिरले. एका म्हशीचं तोंड उघडून त्यांनी दात पाहिले आणि सहा वर्षं, असं ठोकून दिलं. दिशानं म्हशीच्या कानातला बिल्ला वाचला. म्हैस अकरा वर्षांची होती. आप्पांनी दुसरीच्या कासेवर नजर टाकून पंधरा लिटर सांगितलं. निघालं आठ. तिसरीच्या वेळी आप्पांनी काही सांगितलंच नाही. इथला चारा मऊ, दात झिजत नाहीत, असं दिशानं परोपरीनं समजावलं. आप्पा म्हणाले, दात बरोबर हायेत, म्हशीच खोटं बोलतात.

तरी एक म्हैस त्यांच्या मनात भरली. काळीभोर, रुंद कपाळाची. घ्यायची नव्हतीच, घेऊन जाणार कशातून? पण मनात भरलेल्या जनावराचा भाव न काढता पुढं जायचं हे त्यांच्यानं होईना. त्यांनी म्हशीची सात खोडी काढल्या, खांद्यावरचा टॉवेल ओढला, कार्मिनेच्या हातावर टाकला आणि खालून त्याची दोन बोटं गच्च धरली.

कार्मिने दचकला. एक मिशीवाला परका माणूस आपला हात फडक्याखाली धरून डोळ्यांत डोळे घालून गंभीरपणे बघतो आहे, याचा अर्थ काय, हे त्याला क्षणभर कळेना. मग त्याचा चेहरा उजळला. त्यानं मोठ्यानं हाका मारून बायकोला, सुनांना, दोन गड्यांना आणि पाहुणा म्हणून आलेल्या व्याह्याला बोलावून घेतलं. सगळे गोल करून उभे राहिले. आप्पा बोटं दाबताहेत, सोडताहेत, पुन्हा तीन धरताहेत आणि ही सगळी मंडळी श्वास रोखून टॉवेलाकडे बघताहेत. दिशाला हसू आवरेना.

“आप्पा,” ती कशीबशी म्हणाली, “त्यांना वाटतंय तुमी जादूगार हाय. आता खालून कबुतर निघनार म्हनून थांबलेत.”

आप्पांनी टॉवेल काढला. खाली कबुतर नव्हतं. तरी त्या भल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

परतीला दोन दिवस उरले, तेव्हा दिशानं त्यांना समुद्रावर नेलं. पाइनच्या झाडीपलीकडे लांबलचक वाळू, निळं पाणी, आणि वाळूवर माणसं पापड घातल्यासारखी उन्हात पडलेली. आप्पांनी आधी सगळीकडून नजर फिरवून ती आभाळात नेऊन ठेवली, मग पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाण्यात उतरले. पाणी खारं आहे, असं त्यांनी तीनदा सांगितलं आणि तासभर बाहेर आले नाहीत. आल्यावर लेकीशेजारी वाळूत बसले. आज विचारायलाच हवं होतं. उद्या बॅग भरायची. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

“हितं उन्हाळ्यात पाऊस कसा काय असतो?” त्यांनी विचारलं.

दिशानं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. तिला त्यांची दया आली आणि रागही आला. तिनं त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल उचलला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात त्यांच्यापुढं केला. लहानपणी बाजारातून आणलेल्या गोळ्या किती द्यायच्या ते बापलेकीचं असंच ठरत असे.

“बोला आप्पा,” ती म्हणाली.

आप्पांचा हात टॉवेलाखाली गेला. किती बैल, किती गायी या हातानं इकडच्या तिकडे केल्या होत्या, पण असला सौदा कधी केला नव्हता. “वर्सं,” ते पुटपुटले आणि त्यांनी तिचं एक बोट धरलं. एका वर्षात ये.

दिशानं बोट हलकेच सोडवून घेतलं. आप्पांनी दोन धरली. तिनं तीही सोडवली. तीन धरली, चार धरली. मग त्यांनी तिचा सगळा पंजा आपल्या मुठीत घेतला. पाच. पाच वर्षं म्हणजे फार झाली, पण चालेल, ये. ती मूठ दिशानं खूप वेळ तशीच राहू दिली. आप्पांना वाटलं, जमलं. मग तिनं एकेक करून बोटं बाहेर काढली. पाचाच्या वर आप्पांकडे बोलायला काही नव्हतं.

बाजारात सौदा मोडला की हात लगेच निघतात. दिशानं काढला नाही. तिनं आप्पांचाच हात धरून ठेवला.

“आप्पा, मला माजं काम आवडतं, हितं आवडतं. तुमची रोज आठवन येते, पर परत यायचं न्हाई मला. सांगायला जीव हुईना माजा.”

आप्पांना फार वाईट वाटलं. रडू फुटेल असं वाटलं, म्हणून ते समुद्राकडे बघत बसले. लेकीवर रागवायला जावं तर रागही येईना. ती खरं बोलली होती आणि तोंडानं बोलली होती, आपल्याला तेवढंही जमलं नव्हतं. “बरं,” ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “बरं.” मग त्यांनी फोन मागितला. बनुबाईंना सांगणं भाग होतं.

काष्टीत दिवेलागण झाली होती, धारा आटपल्या होत्या. बनुबाईंनी फोन घेतला. आप्पांनी पावसाचं विचारलं नाही की जनावरांचं विचारलं नाही. “बनू,” ते म्हणाले, “पोरगी येनार न्हाई. मी इचारलं. न्हाई म्हनली.”

“मला म्हाईत हाय,” बनुबाई म्हणाल्या. “दिवाळीलाच सांगितलंय तिनं मला.”

आप्पांचं डोकंच फिरलं. मग मला येवढ्या लांब कशाला धाडलं, असं त्यांनी विचारलं. समुद्राच्या आवाजात त्यांचा आवाज चढला तसे शेजारचे दोन पापड उठून बसले.

“मी सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं व्हय? दुसरं कायतरी काढून बसला असता. तिच्याच तोंडून ऐकायला पायजे हुतं तुमी.” मग त्यांनी विचारलं, “सुखात हाय न्हवं ती?”

“हाय,” आप्पा म्हणाले. “लई सुखात हाय.” हे बोलल्यावर त्यांना एकदम मोकळं वाटलं, आणि त्याच मोकळेपणात त्यांच्या तोंडून निघून गेलं, “बनू, तू येशील का हितं? पुढल्या साली, माज्यासंगं? मला तू पायजे हुतीस आज.”

लग्न झाल्यापासून या माणसानं आपल्याला सरळ काही विचारल्याचं बनुबाईंना आठवत नव्हतं. आप्पांना वाटलं, फोन कट झाला.

“पासपोर्ट काढलाय मी,” बनुबाई म्हणाल्या.

“कवा?”

“तुमचा काढला तवाच. समर्थनं काढला. पोलीस घरी चौकशीला शनवारी आल्ता, तुमी बाजारात हुता. मी वाट बघत हुते, कवा इचारताय.”

त्यांनी फोन दिशाच्या हातात दिला. मायलेकी तिथंच, त्यांच्यादेखत, पुढच्या वर्षी कुठल्या महिन्यात यायचं ते मोठ्यानं ठरवू लागल्या.