वीस वाव पाण्यात आईचा गळ

मालवणला जायचं ठरवलं तेव्हा आईला एकदा समुद्र दाखवावा, एवढंच माझ्या मनात होतं. बाबा जाऊन दोन वर्षं होत आली होती. यवतमाळच्या घरात आम्ही दोघीच. मी सकाळी शाळेत शिकवायला जाते, ती दिवसभर एकटी असते. चतुर्थीला कळंबच्या गणपतीला जाऊन येते, बाकी कुठं निघत नाही. दिवाळी आटोपली, सुट्टीचे आठ दिवस हाती होते, म्हणून बडनेऱ्याहून कोकणात जाणाऱ्या गाडीची दोन तिकिटं काढली आणि तिला सांगितलं. नाही म्हणेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "तिकडं पाऊस तं नाही न आता?"

समुद्राजवळच्या एका घरगुती निवासात उतरलो. आमचं घर माळकरी. बाबांच्या गळ्यात शेवटपर्यंत तुळशीची माळ होती, घरात कधी अंडंही आलं नाही. त्यामुळं मालकीणबाईंना मी आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, की आमचं जेवण वेगळं करा. त्यांनी केलंही. पहिल्या दिवशी किनारा झाला, दुसऱ्या दिवशी किल्ला. संध्याकाळी चहा घेताना आई उठली आणि ओसरीवर लावलेल्या एका पाटीसमोर चष्मा लावून उभी राहिली. 'खोल समुद्रात गळाची मासेमारी. सहा जणांत एक बोट. पहाटे निघून दुपारी परत.'

"बाई, याच्यात आपल्याले घेतीन काय?" तिनं मला विचारलं.

मला वाटलं ती गंमत करते आहे. "तुले बोटीतून फिरायचं हाये काय? फिरायच्या बोटी वेगळ्या असतात आई. हे मासे पकडणारे लोक हायेत."

"मले दिसून राह्यलं न काय लिहिलं हाये ते. मले मासोळ्या पकडाच्या हायेत."

मी तिच्याकडं बघतच राहिले. अडुसष्ट वर्षांची माझी आई. बाजारात मासळीची दुकानं आली की नाकाला पदर लावणाऱ्या आत्यांच्या मागून चालणारी. तिचा चेहरा अगदी शांत होता, आपण काही जगावेगळं मागतो आहोत असं तिला वाटत नव्हतं. मालकीणबाईंनी फोन लावला. दुसऱ्या दिवशीच्या बोटीत नेमक्या दोन जागा होत्या.

पहाटे धक्क्यावर गेलो तेव्हा बाकीचे आले होते. सांगलीचे दोन मित्र, दोघांच्या हातात चकचकीत महागड्या काठ्या आणि रीळ. आणि नाशिकचं एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं. बोट चालवणारा तांडेल पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं आईकडं आणि तिच्या नऊवारीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मावशींना झेपेल ना? दीड तास आत जायचं आहे."

"मले इचारा न," आई म्हणाली. "झेपते."

त्यानं हसून हात पुढं केला. आई त्याचा हात धरून चढली आणि नारिंगी जॅकेट पातळावर घट्ट बांधून बसली.

किनारा दिसेनासा झाला तसं माझं पोट ढवळायला लागलं. बोट चालू होती तोवर कसंबसं निभावलं, पण तांडेलानं इंजिन बंद करून नांगर टाकला आणि बोट जागच्या जागी डुलू लागली, तेव्हा मी काठाशी वाकले आणि सगळं बाहेर काढलं. आईनं माझी पाठ धरून ठेवली.

"ओकली तं ओकली. मासोळ्या येतीन त्याच्यावर," ती म्हणाली. नाशिकची मुलगी खुदकन हसली, आणि मग तीही माझ्या शेजारी येऊन वाकली.

तांडेलानं आम्हाला सांगितलं, लांब आभाळाच्या कडेकडं बघत बसा. मग त्यानं साध्या दोऱ्या वाटल्या. लाकडी फिरकीला गुंडाळलेली नायलॉनची जाड तंगूस, टोकाला शिशाचं वजन, त्याच्या वर दोन गळ. "इथं वीस वाव पाणी आहे," दोन्ही हात पसरून त्यानं एक वाव म्हणजे केवढं ते दाखवलं. "खाली खडक आहे. वजन तळाला टेकलं की दोरी ढिली पडेल. मग हातभर वर घ्यायचं आणि थांबायचं."

तो कोळंबीचे तुकडे गळाला कसे लावायचे ते दाखवत होता, तेवढ्यात आईचा गळ लावून झाला होता. कोळंबीचं डोकं मोडून, शेपटीकडून गळ आत घालून, टोक जेमतेम झाकेल असा. तांडेल बोलता बोलता थांबला. आईनं दोरी सोडली. ती तिच्या तर्जनीवरून सरसरत गेली, थांबली, ढिली पडली. आईनं हातभर वर घेतली आणि दोरी बोटावर तशीच ठेवून मान जरा कलती केली. खालून कुणी काही सांगतं आहे आणि ती ते ऐकते आहे, अशी.

"तुले कोणं शिकवलं हे?" मी विचारलं.

"माह्या मोठ्याईनं."

मोठ्याई म्हणजे तिची मोठी चुलती. आईचं माहेर महागाव तालुक्यात, पैनगंगेच्या काठावर. कापसाची, तुरीची शेती होती एवढं मला माहीत होतं. ही चुलती उन्हाळ्यात नदी आटली की पोरींना घेऊन डोहावर गळ टाकायला जायची, हे मी त्या बोटीत पहिल्यांदा ऐकलं.

"मग एवढ्या वर्षात कधी बोलली काहून नाही?"

"तुमच्या घरात मासोळीचं नाव काढाची सोय होती काय?"

ती रागानं बोलली नव्हती. दोरीकडंच बघत होती. पण तिनं 'तुमच्या घरात' म्हटलं. लग्न होऊन पंचेचाळीस वर्षं झालेली बाई ते घर तुमचं म्हणत होती, आणि मी त्याच घरात जन्मलेली. पोटातली मळमळ तेवढा वेळ मी विसरले.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "घर वाईट नव्हतं बाई. तुह्या बाबानं मले कायची कमी पडू देली नाही. त्यायनं मना बी नाही केलं कधी. इचारलंच नाही कोणं. मीनं बी सांगतलं नाही. राहून गेलं."

तेवढ्यात तिचं बोट हललं. तिनं झटका दिला आणि भराभर दोरी ओढायला लागली. वर आला तो वीतभर लांबीचा गुलाबी मासा. तांडेल म्हणाला, याला राणी म्हणतात. पुढच्या तासाभरात आईनं तशा पाच राण्या काढल्या. सांगलीकरांच्या काठ्यांना एकच लागली होती. त्यांतला एकजण, जो बँकेत होता, शेवटी काठी ठेवून तिच्याजवळ येऊन बसला.

"काकू, लागल्याचं कळतं कसं तुम्हाला? मला सगळं सारखंच वाटतंय."

"दगडाले लागलं तं दोरी मुकी राहते," आई म्हणाली. "मासोळी टोचते. पहिल्या टोचीले ओढू नका. दुसरीले ओढा."

तिनं मलाही दोरी दिली. माझं बोट आपल्या बोटानं दोरीखाली नीट बसवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग कुणी दारावर नखानं टकटक करावं तसं झालं. पुन्हा झालं. मी ओढलं. खाली काहीतरी जिवंत होतं आणि ते वीस वाव पाण्यातून माझ्या बोटापर्यंत पोचत होतं. वर आली ती राणी सगळ्यात लहान होती. मी तिला हातात धरू शकले नाही, आईनंच गळ सोडवला. मी मासा पकडला, हे मी दोनदा मोठ्यानं म्हटल्याचं नंतर नाशिकच्या मुलीनं सांगितलं.

ऊन वर आलं होतं. तांडेल निघायची तयारी करत होता, तेव्हा आईची दोरी एकदम खाली खेचली गेली. ती पुढं झुकली, मी मागून तिचं जॅकेट धरलं. तिनं दोन-तीन हात दोरी वर घेतली आणि ती तिथंच अडकली. हलेना. तांडेलानं दोरी हातात घेऊन ओढून पाहिली.

"दगडात अडाकला ता. दोरी कापूक व्हयी," असं आपल्याच बोलीत पुटपुटत त्यानं सुरी काढली.

"थांब बाप्पा," आई म्हणाली. "दगडानं कुठं असं खेचलं असतं? मासा हाये तो, आत जाऊन बसला हाये."

"मग तर निघायचाच नाही, मावशी. खडकात फुगून बसतो तो."

"आमच्याकडं नदीतली वाम मासोळी अशीच दगडाखाली घुसते. ओढलं का आणखी आत जाते. ढिली सोडा लागते. आपण गेलो असं वाटलं पाह्यजे तिले."

तांडेलानं तिच्याकडं पाहिलं. सुरी मिटून खिशात ठेवली आणि तिच्या शेजारी उकिडवा बसला. आईनं दोरी सैल सोडली. मग आम्ही सगळे थांबलो. मला वाटत होतं, उगाच सगळ्यांचा खोळंबा होतो आहे, दोरी शेवटी कापावीच लागणार आणि आईला सगळ्यांसमोर वाईट वाटणार. मी तिला हळूच म्हणाले, "जाऊ दे न आता." तिनं मान हलवली. तिच्या कपाळावर घाम होता, पण हात हलत नव्हता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. सैल दोरी पाण्यात किंचित सरकली. एका बाजूला. पुन्हा सरकली. आईनं दोन्ही हातांनी जोरात ओढलं आणि ओरडली, "धर वं बाई, धर!"

मी धरली. दोरी हाताला कापत होती. बँकवाल्यानं आपले हातमोजे काढून आईच्या हातात कोंबले. आम्ही दोघी मायलेकी, पाय बोटीच्या फळीला टेकवून, ओढत राहिलो. तो दोनदा खाली गेला, दोनदा आम्ही दोरी सोडली, पुन्हा ओढली. शेवटी हिरव्या पाण्यात काहीतरी तपकिरी चमकलं. तांडेलानं आकडा घालून ते आत घेतलं आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला.

"गोबरो! बरो मोठो गोबरो हा, मावशी!"

मांजराच्या पिल्लाला सहज गिळेल असं तोंड, अंगावर ठिपके, जाड ओठ. आई मटकन खाली बसली. पदर ओला, केस सुटलेले, आणि ती हसत होती. बाबांच्या आजारपणापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. खरं तर त्याच्या आधीही नाही. तिनं त्या माशाच्या अंगावरून एकदा हात फिरवला आणि तांडेलाला म्हणाली, "सगळ्यायचा हाये हा. समद्यायले द्या."

त्या दुपारी निवासाच्या ओसरीवर आम्ही सहाही जण जेवायला बसलो. मालकीणबाईंनी गोबऱ्याचं कालवण केलं होतं. आई ताटावर बसली आणि मला म्हणाली, "तुले वास येत असंन तं मी तिकडं बसते."

"इथंच बस," मी म्हणाले.

ती खाली मान घालून जेवली. काटे एकेक काढून ताटाच्या कडेला ठेवत. दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा तिनं मालकीणबाईंना विचारलं, आंबट काय टाकलं? त्या म्हणाल्या, कोकम. "आमच्याकडं चिंच टाकतेत," आई म्हणाली, आणि मग दोघींचं बराच वेळ मसाल्यावर बोलणं झालं. मी तिच्या ताटातला एक घास खाऊन पाहिला. मला फारसा आवडला नाही, आणि मी तसं सांगितलं. "नको खाऊ मंग," ती म्हणाली, "कोणी जबरदस्ती केली काय?" आणि आम्ही दोघी हसलो.

परतीच्या गाडीत तिनं उमरखेडच्या चुलत बहिणीला फोन लावला. तीही डोहावर जाणाऱ्या पोरींपैकी एक. डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आई सांगत होती, "हाव वं, समुद्रात! खोटं बोलून राह्यली काय मी? एवढा मोठा! नाही, वाम नाही, गोबरा म्हणतेत त्याले." पलीकडून काय विचारलं कळलं नाही. आई जरा थांबली, माझ्याकडं पाहिलं आणि फोनवर म्हणाली, "पुढच्या दिवाळीले तू बी चाल. पोरगी नेते आपल्याले."

मी मान डोलावली आणि धक्क्यावर उतरताना घेतलेला तांडेलाचा नंबर मोबाइलवर नीट जपून ठेवला आहे ना, ते बघून घेतलं.