शुक्रवारचं डाएट

नव्वदच्या सुमारास नारपोलीत माझं कोल्ड्रिंकचं दुकान होतं. समोरच्या यंत्रमाग कारखान्याचे मालक दर शनिवारी घाम पुसत यायचे आणि सहा डबे माझ्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये रचायचे. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेलं, म्हणून त्यांच्या बायकोने उकडलेला दुधी आणि बिनतेलाची डाळ आठवड्याची एकदम करून दिलेली. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे शेठ म्हणायचे, मीही म्हणायचो.

रोज दुपारी शेठ एक डबा काढायचे, नखाने टकटक वाजवायचे. "दगड झालाय भाऊ. हा वितळंपर्यंत माणूस जगंल काय?" डबा परत आत ठेवून, अतिशय दुःखी चेहऱ्याने, ते शेजारच्या हॉटेलात खिमा-पाव खायला जायचे.

शुक्रवारी लूम बंद आणि आमच्या लाइनची वीजही बंद. दुपारपर्यंत सहाही डबे पाणी सोडायचे. अन्न टाकलेलं शेठना चालत नसे. ते बाकड्यावर मांडी घालून बसायचे आणि एकामागून एक सहाही डबे संपवायचे. मग रिकामे डबे घासूनपुसून घरी न्यायचे.

एकदा दवाखान्यातून आले ते तणतणतच. "चार किलो वाढलं म्हणतो! आठवड्याचं डाएट मी एका दिसात करतो, अजून काय करू?"

मला सांगता आलं असतं. पण मी त्यांच्यापुढे थंड सोडा ठेवला.

आता माझी सून माझ्यासाठी असेच डबे गोठवून ठेवते. वीज अजूनही शुक्रवारीच जाते. रोज दुपारी मी एक काढतो, नखाने वाजवतो, परत आत ठेवतो आणि शुक्रवारची वाट बघतो.