बटणचे बेचाळीस दात

शनिवार, ८ मार्च. ऊन बरं होतं, लोकरीचे कपडे वाळत घातले. वरच्या कवळीचा मेणाचा नमुना बसवून पाहायला खाली जायचं होतं. दारात पाच परके कुत्रे बसलेले. छत्री घ्यायला पुन्हा वर आले.

डायरीत एवढं लिहून झाल्यावर हसू आवरेना आणि ओळी वाकड्या जाऊ लागल्या, म्हणून बाकीचं आता सावकाश लिहिते.

कवळीवाले आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात आणि पुढच्या खोलीत काम करतात. वय पंचावन्नच्या आसपास, लग्न केलेलं नाही. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात. हे त्यावरून प्लॅस्टरचे जबडे ओततात आणि गुलाबी मेणात दात रोवतात. फळ्यांवर अख्ख्या वस्तीचे जबडे मांडलेले आहेत. रस्त्यात कुणी समोर आलं तर त्यांना चेहरा आठवत नाही, पण माणूस हसला की लगेच ओळखतात. दिवसभर इतक्या तोंडांमध्ये बसायचं आणि त्यातलं एकही बोलत नाही, म्हणून त्यांनी बटणला आणलं. तपकिरी, लांबट अंगाची, आखूड पायांची कुत्री. टेबलाखालून तिचं डोकं बाहेर आलं तरी शेपटीची बराच वेळ वाट पाहावी लागते.

बटण सव्वा वर्षाची आहे आणि या आठवड्यात दुसऱ्यांदा माजावर आली. दारातल्या पाच कुत्र्यांचं कारण हेच. छत्री आपटत मी आत शिरले, तर आत माणसांचीच गर्दी. कवळीवाल्यांची थोरली बहीण खुर्ची अडवून बसली होती. तिच्या शेजारी टायरवाले. त्यांचा मेजर नावाचा, त्याच जातीचा कुत्रा बाहेर गाडीत बसून गळा काढत होता. आज बटणची आणि मेजरची गाठ घालून द्यायची, असा ताईचा बेत.

"या आजी," कवळीवाले म्हणाले. बटण त्यांच्या मांडीवर होती. तिला त्यांनी जुन्या अ‍ॅप्रनची चड्डी शिवून घातली होती, शेपटीला भोक ठेवून.

"आजी, तुम्हीच सांगा याला," ताई म्हणाली. "सात पिल्लांचा शब्द मी देऊन बसलेय. दोन शाळेच्या बाईंना, एक बँकेतल्या साहेबांना..."

"अजून एकाचाही पत्ता नाही आणि तुझी वाटणी झाली?"

"तयारी नको करायला?"

टायरवाले मात्र हिशेबी माणूस. "मेजरची खात्री मी देतो. पण ही अंगाने तयार आहे का, ते आता येतील त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याशिवाय तो गाडीतून उतरणार नाही."

"तयार आहे," कवळीवाले म्हणाले आणि उठून फळीवरून एक प्लॅस्टरचा जबडा घेऊन आले. बँकेतल्या साहेबांच्या आणि माझ्या जबड्याच्या मधोमध तो ठेवलेला असायचा. मी तो इतके दिवस कुणा दुर्दैवी माणसाचा समजत होते. "हा बटणचा. बेचाळीसच्या बेचाळीस दात आलेत. दुधाचा एकही शिल्लक नाही. वरचे-खालचे एकमेकांवर एकदम बरोबर बसतात. तीस वर्षं दात बघतोय मी. तोंड पूर्ण झालं की वाढ पूर्ण झाली."

बोलले ठामपणे, पण मला खुर्ची देताना खाली वाकून हळूच विचारलं, "आजी, तिला काही होणार नाही ना?"

मी काय सांगणार? मला मूलही एकच, आणि तेही माणसाचं. म्हटलं, "डॉक्टरीणबाई येताहेत ना, त्यांना विचारा."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या त्या पाच कुत्र्यांतून वाट काढतच. बटणला टेबलावर घेतलं, पाठीवरून, बरगड्यांवरून, कमरेवरून हात फिरवला. कवळीवाल्यांनी लगेच जबडा पुढे केला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"फार सुंदर काम आहे. पण कुत्रीचे दात सातव्या महिन्यापर्यंत सगळे येतात. दातांवरून काय ठरवता? तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडात किती दात असतात?"

"अठ्ठावीस," ते सवयीने म्हणाले.

"मग तिला मुलं होऊ द्याल?"

कवळीवाल्यांचा चेहरा मेणासारखा मऊ झाला. ताई मात्र हटेना. "पण माजावर तर आलीय ना, बाई?"

"येईलच. म्हणून आई व्हायला तयार झाली असं नाही. हाडं अजून भरायचीत. त्यात या जातीची पाठ लांब, पोटात पिल्लांचं ओझं आलं की सगळा ताण तिच्यावर. हा माज जाऊ द्या. दोन वर्षांची होऊ दे, त्यानंतरचा बघू. त्याआधी पाठीचा आणि कमरेचा एक्स-रे, रक्ताची तपासणी, लशी, जंताचं औषध. फार उशीरही नको, पाच-सहा वर्षांच्या कुत्रीला पहिलं वेत जड जातं. आणि स्वभाव बघा. पिल्लं सांभाळण्याइतकं शहाणपण..."

इथे त्या थांबल्या, कारण टेबलावर बटण नव्हती. टेबलाखालून कुरकुर ऐकू येत होती. आम्ही सगळे वाकलो. माझी मेणाची कवळी पुढच्या दोन पंजांत धरून बटण मन लावून चघळत होती. चड्डी एका पायात लोंबत होती.

"बटण, सोड," कवळीवाले ओरडले. ती कवळीसकट पळाली. टायरवाल्यांच्या पायांतून गेली, ताईच्या खुर्चीला वळसा घातला, मग स्वतःची शेपूट दिसली म्हणून तिच्यामागे गोल गोल फिरू लागली. गाडीत मेजर आकांत करत होता. मी छत्री आडवी धरली, तर तिने ती उडी मारायचा खेळ समजून दोनदा ओलांडली. शेवटी ती दमून पाठीवर पडली, चारी पाय वर. कवळीवाले तिच्या तोंडात बोटं घालून माझे दात एकेक बाहेर काढू लागले आणि जबड्यावर लावून बघू लागले. सगळे मिळाले.

"ही आई होणार?" डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. टायरवाले तर भिंतीला टेकून हसत होते.

"नाही," कवळीवाले म्हणाले. बटणला छातीशी धरून तिची चड्डी नीट केली. "मेण बसवून बघितल्याशिवाय मी कवळी पक्की करत नाही. हिच्या बाबतीत कशाला घाई करतोय? ताई, पुढच्या वर्षी."

"अरे, पण लोकांना मी काय तोंड दाखवू?"

"कुठलं हवं ते घे," त्यांनी फळीकडे हात केला.

ताईलाही हसू फुटलं. टायरवाले मेजरला घेऊन गेले. जाताना काचेतून ओरडले, "पुढच्या वर्षी पहिला नंबर आमचाच." त्यांच्या गाडीमागे पाचपैकी तीन कुत्रे धावले, उरलेल्या दोघांसाठी छत्री होतीच. कवळीवाले माझी कवळी पुन्हा पहिल्यापासून करणार म्हणाले. मी म्हटलं, सावकाश करा, मला तरी कुठे घाई आहे.

संध्याकाळी लिहिलं: लोकरीचे कपडे आत घेतले, निळा स्वेटर अजून दमट आहे. जेवायला मऊ भात आणि दूध.