खार, हमिंगबर्ड आणि नवमीचे पान

रस्ता रुंद करणाऱ्यांनी आमच्या गल्लीतला जुना कडुनिंब तोडला, तेव्हा मी सर्व संबंधितांना पत्रे लिहिली होती. उत्तर एकाचेही आले नाही, आणि झाडामागोमाग कावळेही गेले. या बेपर्वाईचे फळ मला अविधवा नवमीला मिळाले. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची ती श्राद्धतिथी. पत्नी गेल्यानंतरची माझी पहिलीच. भिंतीवर पान ठेवून मी दुपार उलटेपर्यंत उपाशी बसलो. कावळा आला नाही. खार आली, आणि दोन्ही हातांत वडा धरून निर्लज्जपणे कुरतडू लागली. मी काठी आपटली. ती वड्यासह पसार झाली.

शेजारची भाजीवाली भिंतीपलीकडून म्हणाली, "काका, कोणाची वाट पाहून राह्यले? जेवून घ्या ना."

"कावळा शिवल्याशिवाय जेवता येत नाही."

"मंग त्याले एक नोटीस धाडा!"

संध्याकाळी मुलीचा अमेरिकेहून फोन आला. व्हिसाच्या कागदपत्रांत अडकल्याने तिला आईच्या अंत्यविधीला येता आले नव्हते. तिनेही तिकडच्या सकाळी गॅलरीत पान ठेवले होते.

"बाबा, हमिंगबर्ड आला. अंगठ्याएवढा. पानावर हवेतच थांबला."

"चोच लावली?"

"नाई."

"मग तो स्पर्श नव्हे. इथे खारीने तर अख्खा वडा नेला, तोही मी ग्राह्य धरलेला नाही."

ती म्हणाली, "खारीले आई रोज दाणे टाकायची, बाबा. म्हणजे आई तुमच्याकडं जेवून गेली. माझ्याकडं नुसती पाहून गेली. रागावली आहे का अजून?"

युक्तिवाद बिनतोड होता. तो खोडण्यासाठी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"हे बघ, खारीला दाण्यांची चटक होती, ती सवयीने आली. तुझ्या पाखराची चोच सुईसारखी, त्याला वडा खाताच येत नाही. शिवाय हवेत एका जागी थांबायचे तर त्याला सगळा जीव पंखांत आणावा लागतो. मिळण्यासारखे काही नसताना ते थांबले. सवयीपेक्षा हे वरचढ. निकाल तुझ्या बाजूने."

ती रडत होती. "जेवू मग?"

"जेव."

फोन ठेवला. खारीचा दावा मीच फेटाळला होता. तेव्हा माझे पान न शिवलेलेच राहिले. अंधार पडला तरी ते मी आत आणले नाही.