शुक्रवारचा शेवटचा तास

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हाच किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या शेजाऱ्यांच्या नाकातून चहा आला, आणि सोफा माझा होता.

तर, माझी फजिती. साधीसुधी नाही हो! रंगीत छापलेली, स्पायरल बाइंडिंग केलेली, बत्तीस पानांची फजिती! मुखपृष्ठावर माझा फोटोसुद्धा आहे.

मी भाईंदर पूर्वेला एका बिझनेस स्कूलमध्ये विक्री व्यवस्थापन शिकवतो. विद्यापीठाचंच आहे ते, पण विद्यापीठाला ते दर वेळी आठवतंच असं नाही. लागलो तेव्हा इंद्रलोक वसाहतीच्या बाजूला अर्ध्या इमारतींना रंग लागायचा होता. आमचे वर्ग एका बँकेच्या वरच्या मजल्यावर भरायचे आणि खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची. दुपारी ऊन त्यांच्यावर पडलं की फळ्यावर उजेड हलायचा. आता आम्ही स्वतःच्या सहा मजली इमारतीत आहोत आणि खिडकीतून समोरच्या काकूंचा टीव्ही दिसतो. खरं सांगू? मला ती जुनी खोली फार आठवते.

त्या खोलीत शुक्रवारचा शेवटचा तास माझा असायचा, तीन ते चार. हजेरी घेतली की मी फळ्याकडे वळायचो आणि पाच रंगांच्या खडूंनी विक्रीचा एक भलामोठा तक्ता काढायचो. बावीस फांद्या! तक्ता काढता काढता बोलायचो, मध्येच विचारायचो, "समजतंय ना?" आणि वर्गात काय शांतता असायची! चाळीस पोरं, पण साधा खाकरल्याचा आवाज नाही. बाकीच्या प्राध्यापकांच्या वर्गातून गोंगाट यायचा, माझ्या वर्गातून खडूचा आवाज. तक्ता संपायचा, घंटा व्हायची, मी वळायचो तर वर्ग रिकामा. शुक्रवार ना, घरी जायची घाई. मी कधी मनावर घेतलं नाही.

आता यंदाची गोष्ट. आमच्या डायरेक्टर शहा मॅडम. बाई हुशार, कामाला वाघ, फक्त एका वाक्यात तीन भाषा बोलतात. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाल्या, "पाच वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅन द्यायचाय विद्यापीठाला. टीचिंग आणि डिस्टिंक्टिव्हनेस. बोलो, आपल्यात असं काय आहे जे बाजूच्या कॉलेजात नाय?"

मग एक जण म्हणाला, "लिफ्ट." दुसरा म्हणाला, "कॅन्टीनचा समोसा." तिसरे सर गंभीरपणे म्हणाले, "रिक्षा थेट गेटपर्यंत येते."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आणि ऐका, ज्या तासात काय वेगळं नाय, तो तास बंद. त्याचा व्हिडिओ बनवणार, मुलं घरी बघतील. यादी तयार आहे." यादीत पहिलं नाव काय असेल? शुक्रवार, तीन ते चार, गायकवाड सर!

माझी निवृत्ती दोन वर्षांवर. पंचवीस वर्षांचा तास, आणि त्याचा व्हिडिओ? मी तिथल्या तिथे उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, हा अध्यापनाचा भाग मी लिहितो. जुन्या विद्यार्थ्यांनाच विचारू ना, इथे काय वेगळं मिळालं ते." मॅडम खूश झाल्या. उद्देश काय होता ते तुम्हाला कळलंच असेल. मला माझा तास वाचवायचा होता.

मी त्या जुन्या खोलीतल्या बॅचच्या मुलांना एकच प्रश्न पाठवला: या संस्थेत असं काय शिकलात जे दुसरीकडे मिळालं नसतं?

उत्तरं यायला लागली आणि मी खुर्चीतून पडायचा बाकी राहिलो. 'शुक्रवारचा शेवटचा तास. बाकी दोन वर्षांतलं फार काही आठवत नाही.' 'गिऱ्हाइकाशी बोलायला मी शुक्रवारी शेवटच्या तासाला शिकले.' 'आज माझा धंदा उभा आहे तो त्या शुक्रवारांवर.' एक नाही, दोन नाही, जवळजवळ सगळ्यांचं तेच!

काही उत्तरं जरा गूढ होती. एकाने लिहिलं, 'तो वारा अजून आठवतो.' त्या खोलीत एकच पंखा होता, तोही डुगडुगायचा. पण मी आराखड्यात लिहिलं, 'अध्ययनास अनुकूल भौतिक वातावरण.' एकीने लिहिलं, 'घरी गेल्यावर आई दारातच म्हणायची, आधी आंघोळ कर.' खडूची धूळ! किती समरस व्हायची मुलं! आणि चौघांनी लिहिलं होतं, 'मावशींना सांगा, आठवण येते.' मी आमच्या झाडू मारणाऱ्या निवृत्त मावशींना शोधून फोन केला. त्या बिचाऱ्या फोनवर रडल्या.

घरी बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. तिने मान वर करून विचारलं, "अहो, एवढं कौतुक? नक्की तुमचंच ना?"

"मग कोणाचं? तास माझा होता!"

"तसं नाही, मी आपलं विचारलं," म्हणाली आणि पुन्हा मेथीत डोकं घातलं. बायकांना आपल्या नवऱ्याचं मोठेपण सगळ्यात शेवटी कळतं, असं मी तेव्हा मनात म्हणालो.

मग काय! आराखड्याचा अध्यायच झाला 'शुक्रवारचा शेवटचा तास: एक वेगळी अध्यापन पद्धती'. त्यात माझ्या शांत वर्गाचं वर्णन, तक्त्याच्या बावीस फांद्या, पाच रंगांचं महत्त्व. मुखपृष्ठावर मी, हातात खडू. घरी बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहून भाषणाची तालीमसुद्धा केली.

सादरीकरणाच्या दिवशी विद्यापीठाची समिती आली. अध्यक्ष एक उंच, न हसणारे गृहस्थ. मॅडमनी साक्षीला माझा जुना विद्यार्थी नितीन यालाही बोलावलं होतं. आज मीरा रोडला त्याची घरगुती वस्तूंची तीन दुकानं आहेत. नितीनने मुखपृष्ठ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले.

माझं भाषण झालं. अध्यक्ष म्हणाले, "छान. पण तक्ता तर कोणीही काढेल. या तासात नेमकं वेगळं काय होतं?"

मी म्हणालो, "ते विद्यार्थ्याच्याच तोंडून ऐका. नितीन, बोल."

"सर... जाऊ द्या ना."

"अरे लाजतोस काय? बोल, सगळं सांग!"

"सगळं सांगू, सर?"

"सगळं!"

तुम्हाला सांगतो, आयुष्यात एक शब्द परत घ्यायची सोय असती तर मी तो 'सगळं' परत घेतला असता.

नितीन उभा राहिला. "त्याचं काय आहे, सर फळ्याकडे वळले की आम्ही मागच्या दाराने निघायचो. चपला हातात घेऊन. आमच्या वर्गात एक मुलगी चौक गावची होती, खाडीकाठच्या कोळ्यांची. तिला शुक्रवारी आईला मदत करायला जायचं असायचं. एकदा आम्ही दोघं-तिघं सोबत गेलो. मग सगळाच वर्ग जायला लागला. पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून बस पकडून चौक. तिची आई, हिरामावशी, आम्हाला माशांची एकेक पाटी देऊन बाजारात बसवायची. म्हणायची, इका आता! पहिल्या दिवशी माझ्याकडून एक बोंबील कोणी घेतला नाही. मावशी म्हणाली, अरे, गिऱ्हाईक आलं का मासा दाखवू नको. आधी इचार, घरा कोण कोण हाय, पावणं आलंत का. मग मासा आपोआप जातो. सर, मी आजपण मिक्सर तसाच विकतो."

हॉलमध्ये शांतता पसरली. अगदी माझ्या वर्गात असायची तशी. आता त्या शांततेचा अर्थ मला लागत होता.

तो वारा खाडीवरचा होता. ती आंघोळ माशांच्या वासाची होती. आणि मावशी... अरे देवा, मी त्या बिचारीला उगाच रडवलं!

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे या तासाला वर्गात विद्यार्थीच नसायचे?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. माझा तास माझ्या डोळ्यांदेखत गेला होता. मी तोंड उघडणार इतक्यात नितीन म्हणाला, "नाही नाही, तुम्ही चुकीचं समजताय! सरांना सगळं माहीत होतं. दोन वर्षं कोणी माणूस तासभर मागे वळून बघत नाही का? सर मुद्दाम पाठ करून उभे राहायचे. आम्हाला जाता यावं म्हणून. आम्ही पोरं आपसात म्हणायचो, असा शिक्षक मिळणार नाही."

काय भक्तीने बोलत होता हो पोरगा! डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

आता खरं बोलायची वेळ होती. मी काय केलं? मी नम्रपणे मान खाली घातली आणि हळूच दोनदा हलवली.

टाळ्या! न हसणारे अध्यक्ष उठून माझ्याशी हात मिळवायला आले. "वर्गाबाहेरचं शिक्षण, तेही इतक्या वर्षांपूर्वी! याला म्हणतात वेगळेपण." मॅडम तर उडायच्याच बाकी होत्या. "गायकवाड सर, तुम्ही तर छुपे रुस्तम निकले! आता हे ऑफिशियल करायचं. दर फ्रायडे, पूर्ण क्लास, चौक!"

तास वाचला. मी जिंकलो. घरी पेढे नेले. बायकोने पेढा खाल्ला आणि म्हणाली, "म्हणजे तुमचं नव्हतंच ना ते?" मी टीव्ही लावला.

मग आम्ही सुरू केला तो 'सागरी विक्री अध्ययन उपक्रम'. माझंच नाव. बारा अध्ययन निष्पत्ती, पालकांचं संमतिपत्र, मोबाईलवर हजेरी, नारिंगी जॅकेट, आणि परत आल्यावर चार पानांचा अहवाल. साठ मुलांना सूचना गेली: शुक्रवारी तीन वाजता थेट चौकला हजर राहा.

पहिल्या शुक्रवारी मी दोन वाजताच बस पकडली. डोंगरीचा थांबा गेला, पुढे खारा वारा खिडकीतून आत आला. माझी चाळीस पोरं याच रस्त्याने हसत-खिदळत जायची आणि मी तिकडे बाविसावी फांदी रंगवत असायचो. एकदा तरी वळून बघायला हवं होतं. रागावलो नसतो. निदान सोबत आलो असतो.

हिरामावशी आता पिकल्या केसांच्या झाल्यात. बांबूंवर बोंबील वाळत होते, त्याखाली सावलीत बसल्या होत्या. मी ओळख सांगितल्यावर खूप हसल्या. "आगो बाय, तू तो फल्यावरचा मास्तर! ये, बस."

आणि त्यांनी मला माझीच मुलं सांगितली. कोण लाजरी होती, कोणाला माशाच्या डोळ्यांची भीती वाटायची, नितीनच्या बापाची नोकरी गेली तेव्हा तो दोन महिने इथेच जेवायचा. पंचवीस वर्षं हजेरीपटावर नावं वाचली मी, पण यातलं मला काही माहीत नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

साडेतीन वाजले. नारिंगी जॅकेट घालून दोन मुलं आली.

"बाकीचे कुठेत?" मी विचारलं.

"येतायत सर," एक म्हणाला आणि वाळूकडे बघायला लागला.

पाच वाजेपर्यंत कोणी आलं नाही. मावशी म्हणाल्या, "काय रं मास्तर, दोनच पोरां? तवा तर बोलावल्याबिगर यायची!"

सोमवारी मी वर्गात शिरलो तो तापलेलाच. "शुक्रवारी कुठे होतात सगळे? सिनेमाला? मॉलमध्ये?"

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. शांत, अभ्यासू पोरगी. "नाही सर. इथेच होतो, वर्गात. तीन ते चार."

"वर्गात? खोटं बोलू नकोस!"

"खरंच सर. आम्ही एकमेकांना विषय शिकवला. तुम्ही चौकला जाणार, वर्ग रिकामा मिळणार हे कळल्यावर ठरवलंच होतं. प्रश्न विचारता येतात, सर. छान समजलं." तिने वही पुढे केली. हजेरी होती, सह्यांसकट. साठपैकी अठ्ठावन्न!

माझ्या तासाला इतकी हजेरी पंचवीस वर्षांत नव्हती. मला रागवावं की रडावं कळेना. शेवटी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मग ते दोघं बरे चौकला आले? त्यांना आवड आहे वाटतं या गोष्टींची?"

ती जरा चाचरली.

"नाही सर. तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून कोणीतरी जायला हवं होतं. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. त्या दोघांचं नशीब खराब."